बहुतेक म्हणजे किती?

आमच्या साडूंनी आयुष्यात कुणालाही 'नक्की येतो' असं सांगितलेलं नाही. स्वतःच्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही. साताऱ्याकडच्या गावाहून त्यांच्या वऱ्हाडाचा टेम्पो निघायचा होता, लग्न इकडे कळंबोलीला होतं, आणि आमच्या सासऱ्यांनी फोन करून साधं विचारलं, "सकाळी नऊपर्यंत पोचताय ना?" त्यावर नवरदेव म्हणाले, "पोचायला हरकत नाही." सासरे फोन ठेवून जे पलंगावर बसले ते उठेनात. मुलगा पळून जाणार अशीच त्यांची समजूत झाली. मुलगा कुठेही पळणार नव्हता. टेम्पोचं टायर, खंबाटकीचा घाट, पुढे बोरघाट आणि ड्रायव्हरची झोप, या चारही गोष्टी एकाच रात्रीत धड राहतील की नाही याचा तो फक्त अंदाज घेत होता. तोसुद्धा बेरीज करून नव्हे, गुणाकार करून. बेरीज आणि गुणाकार यांतल्या या फरकावरून ते पुढे जन्मभर लोकांशी भांडले.

त्यांची बायको आणि माझी बायको या सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, म्हणून मीही तिला ताईच म्हणतो. आम्ही नेरूळला, ते कामोठ्याला. साडू तळोजाच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये आहेत. आलेल्या पिंपातून चमचाभर नमुना काढायचा, तपासायचा आणि उरलेल्या आख्ख्या पिंपाबद्दल छातीठोकपणे 'ठीक आहे' अशी सही करायची, हे त्यांचं काम. छातीठोकपणा हा मुळात स्वभावात नसलेल्या माणसाला देवाने नेमकी हीच नोकरी द्यावी, याला काय म्हणायचं? ते सही करतात, घरी येतात, आणि चमचाभर नमुन्यात न आलेलं पिंप त्यांच्याबरोबर घरी येतं. जेवताना मध्येच थांबून ते म्हणतात, "वरून काढला होता नमुना. तळाशी काय असंल?" ताई म्हणते, "तळाशी आमटी आहे, ढवळून घ्या."

अशा माणसाला विरंगुळा म्हणून फोनवरचा गेम लागला, आणि तोही काळजी करायला भरपूर जागा असलेला. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या तरुण केमिस्टांनी त्यांना ही दीक्षा दिली. ती पोरं केव्हाच दुसऱ्या कंपन्यांत गेली, साडू त्या गेममध्ये राहिले. गेम म्हणजे रांगेत उभं राहून करायची मारामारी. आपली चार माणसं इकडे, समोर एखादा राक्षस. आधी आपल्यातल्या एकाने वार करायचा, मग राक्षसाने, मग आपल्या दुसऱ्याने. दोन्हीकडची मंडळी आपापली टर्न येईपर्यंत इतकी शिस्तीत थांबतात की आपल्या सोसायटीच्या मीटिंगने शिकावं. पण नुसत्या वाराने राक्षस मरत नाही. त्याला काहीतरी लावावं लागतं. विष लावायचं, झोप लावायची, नाहीतर लकवा लावायचा. लकवा लागला की राक्षस स्वतःची टर्न आली तरी नुसता डोळे वटारून उभा. आता हे लागायचं की नाही ते नशिबावर, आणि नशीब म्हटलं की साडू चष्मा पुसायला घेतात.

मी एकदा विचारलं, "यात तुम्हाला एवढं आवडतं तरी काय?"

"पाव्हणं, यात शत्रू थांबतो," साडू म्हणाले. "आपण च्या पिऊन आलो तरी जागचा हालत नाही. आपली टर्न आपण घेईपर्यंत काय म्हणजे काय वाईट होत नाही. असं दुसरीकडं कुठं हाय, सांगा मला."

गणिताचं म्हणाल तर मी शाळेपासून काठावर पास होत आलेला माणूस. तरीही त्या गेममधलं गणित मला त्यांनी समजावलं, आणि एका रविवारी माझ्या ताटातल्या पापडावर समजावलं. स्क्रीनवर लिहिलेलं असतं, लकवा लागण्याची शक्यता पंच्याहत्तर टक्के. साध्या माणसाला हे वाचून बरं वाटेल. साडूंना त्यात कट दिसतो. "हे पंच्याहत्तर खरे हायेत, पण अर्धीच गोष्ट सांगितलीय. हा झाला आपला फासा. तो आपल्या बाजूनं पडला की मग राक्षसाचा फासा, त्याच्या प्रतिकाराचा. आणि तुम्ही कितीही ताकद वाढवा, राक्षसाकडं पंधरा टक्के उरतातच. गेम बनवणाऱ्यानं तेवढे कुणालाच काढून घेता येऊ नयेत असे ठेवलेत. मग पंच्याहत्तरातले दर शेकडा पंधरा गेले की हातात राहिलं काय? चौसष्टसुद्धा नाही!" हे शेवटचं वाक्य त्यांनी एखाद्याच्या निधनाची बातमी सांगावी तसं सांगितलं.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "मग दोनदा मारा की. चौसष्ट आणि चौसष्ट, शंभराच्या वर गेलं."

साडूंचा हातातला घास हातात राहिला. आपल्या बायकोची बहीण आपण कुठल्या घरात दिली, असा भाव त्यांच्या तोंडावर आला. मग त्यांनी माझ्याच ताटातला पापड उचलला आणि त्याचा मोठा तुकडा मोडून बाजूला ठेवला. "हा पहिला वार. एवढं काम झालं. दुसरा वार आता उरलेल्या तुकड्यावर पडणार, आख्ख्या पापडावर नाही. त्यातला पण एवढाच जाणार." पुन्हा मोडला. "तिसरा ह्याच्यावर." पुन्हा मोडला. शेवटी ताटात चिमूटभर चुरा राहिला आणि साडू त्याच्याकडे बोट दाखवून खिन्नपणे म्हणाले, "बघा. कितीही मारा, चुरा उरतोच."

"चुरा उरत नाही," ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुम्ही तो खात नाही म्हणून उरतो." आणि ती हसली.

ताईच्या हसण्याबद्दल इथेच सांगून ठेवायला हवं. ती घरी ब्लाउज शिवते. तिच्याकडे शिवायला टाकणाऱ्या बायका शेजारच्या तीन इमारतींतून येतात, आणि त्या शिलाईसाठी येतात की हसायला येतात हे त्यांनाही सांगता येणार नाही. ताईचं हसणं आधी खांद्यात सुरू होतं, मग मान मागे जाते आणि मग जो आवाज फुटतो तो खाली वॉचमनपर्यंत पोचतो. साडूंनी काळजी करायची आणि ताईने त्या काळजीवर हसायचं, अशी त्या घराची वाटणी होती. मला तर वाटतं, साडू इतकी बिनघोर काळजी करू शकत होते ते या हसण्याच्या भरवशावर.

तो पंधरा टक्क्यांचा राक्षस त्यांना बाहेरही सगळीकडे भेटायचा. बस येणं हा एक फासा, त्या बसमध्ये शिरायला मिळणं हा दुसरा. म्हणून ते बस दिसली तरी आनंद करत नसत. वाशीच्या एपीएमसी मार्केटात आंब्याची पेटी घ्यायला मी त्यांच्याबरोबर एकदा गेलो आणि पुन्हा जाणार नाही. त्यांनी पेटीतला एकेक आंबा उचलून देठाकडून पाहिला, बुडाकडून पाहिला, नाकाला लावला, पुन्हा ठेवला. व्यापारी जुन्नरकडचा होता, शांत होता. बराच वेळ पाहून शेवटी तो म्हणाला, "साहेब, आंबा घ्यायला आलाय का पोरीला स्थळ बघायला?" साडू म्हणाले, "स्थळ परवडलं. ते वरून तरी दिसतं."

आणि 'बहुतेक' या शब्दाशी त्यांचं वैर होतं. 'नक्की' हा शब्द ते स्वतः वापरत नसत आणि 'बहुतेक' दुसऱ्याला वापरू देत नसत. प्लंबर म्हणाला, बहुतेक उद्या येतो, की साडू विचारायचे, "बहुतेक म्हणजे किती?" माझ्या बायकोने सांगितलं, दाजी, आम्ही बहुतेक गणपतीत गावी जाऊ, की पुन्हा तेच, "बहुतेक म्हणजे किती?" प्लंबर त्यामुळे येईनासा झाला. माझी बायको मेहुणी असल्यामुळे तिला ती सोय नव्हती.

एकदाच त्यांचं हे गणित आणि ताईची श्रद्धा समोरासमोर आली. कंपनीत माणसं कमी करणार अशी कुणकुण होती आणि साडूंचं जेवण तुटलं होतं. तेव्हा ताईने वांगं सोडलं. कृष्णाकाठच्या सुनेने वांगं सोडणं म्हणजे काय ते कृष्णाकाठच्या माणसालाच कळेल. साडू त्यावर तिला ऐकवत बसले. "तू वांगं खाल्लं नाहीस, हे आमच्या एचआरला कळणार कसं? दोन वेगळे फासे हायेत हे. ह्याला त्याची खबर नसती. फाशाला काय आठवत नाही, काय कळत नाही." ताईने सगळं ऐकून घेतलं आणि भाजीला दोडका चिरला. पुढे नोकरी राहिली. ताई म्हणाली, "बघा." साडू म्हणाले, "ती राहणारच होती." ताईने विचारलं, "किती टक्के?" आणि साडूंनी चष्मा पुसायला घेतला. त्या दिवशी वॉचमन वर बघत होता असं म्हणतात.

मग गेल्या डिसेंबरात एका सकाळी ताई चहा पीत होती आणि चहा तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली पदरावर ओघळला. कपाला चीर गेली असेल म्हणून तिने कप बदलला. दुसऱ्या कपातूनही ओघळला. साडू समोरच होते. त्यांनी पाहिलं तर ताईचं तोंड उजवीकडे ओढलं गेलं होतं, डावा गाल सैल पडला होता आणि डावा डोळा मिटत नव्हता. माझा फोन वाजला. एरवी फोनवर चार शक्यता सांगितल्याशिवाय मुद्द्यावर न येणारा हा माणूस इतकंच म्हणाला, "पाव्हणं, या." मी घाबरलो तो त्या आवाजाला.

मी धावतपळत कामोठ्याला पोचलो आणि आम्ही तिघं रिक्षाने वाशीच्या हॉस्पिटलात गेलो. वाटेत साडू ताईचा डावा हात धरून बसले होते. "दाब. अजून दाब. आता वर कर." ताई दाबत होती, वर करत होती, आणि अर्ध्या तोंडाने बोबडं बोलून त्यांनाच सांगत होती, "अहो, काही नाही. हात हलतोय बघा." पापडाच्या त्या रविवारी त्यांनी राक्षसाला जे जे लावलं होतं त्यांतला एक शब्द माझ्या डोक्यात आला आणि मी तो घाईघाईने काढून टाकला. त्यांच्याही डोक्यात तोच होता, हे मला त्यांच्या बंद पडलेल्या बडबडीवरून कळलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी ताईला भुवया वर करायला सांगितल्या, गाल फुगवायला सांगितले, दात दाखवायला सांगितले, हातापायांची ताकद बघितली. मग म्हणाल्या, "घाबरू नका. मेंदूचं काही नाही. चेहऱ्याची नस सुजलीय, म्हणून एका बाजूचे स्नायू हलत नाहीत. गोळ्या देते, डोळ्याची काळजी घ्या, व्यायाम करा. यातून बहुतेक जण पूर्ण बरे होतात."

मी डोळे मिटून घेतले.

"बहुतेक म्हणजे किती?" साडू म्हणाले.

"बहुतेक म्हणजे खूपसे, काका."

"सगळे नाहीत ना पण?"

"सगळे असं कसं सांगू मी?"

"आणि किती टर्न राहतं हे?"

"काय राहतं?"

"किती दिवस, असं विचारतायत ते," मी मध्ये पडलो.

"काही आठवडे, कधी काही महिने. प्रत्येकाचं वेगळं असतं," डॉक्टर म्हणाल्या. साडूंनी मान डोलावली. गेममध्ये लकव्यावर आकडा असतो. एवढ्या टर्न राहणार, मग आपोआप उतरणार. इथे वर आकडा नव्हता आणि शत्रू थांबत नव्हता.

त्यानंतर त्या घरात काय झालं ते मी सांगतो, म्हणजे काय झालं नाही ते सांगतो. ताई हसेनाशी झाली. तोंड वाकडं होतं म्हणून ती पदर लावायची. मग हसू येईल अशा जागेवरून उठूनच जायची. ब्लाउज घ्यायला बायका यायच्या, त्यांना ती दारातून पिशवी द्यायची. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसायची. झोपताना डोळ्याला पट्टी लावावी लागायची, ती साडू लावायचे. व्यायाम आरशासमोर करायचा असतो, पण ताईला आरसा बघवेना. तेव्हा साडू स्वतः तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायला लागले. गाल फुगवायचे, ओठांचा चंबू करायचा, शीळ घालायची. ताईची शीळ हवेतच जायची. साडूंची वाजायची, तर ते घाबरून अर्ध्यावर थांबवायचे, तिला वाईट वाटेल म्हणून. मी हे दारातून पाहिलं आहे. दोन पोक्त माणसं समोरासमोर गाल फुगवून बसलेली आणि कुणीही हसत नाही, हे बघणं फार अवघड असतं.

आणि याच दिवसांत साडू विचित्र वागायला लागले. म्हणजे ते आधीही विचित्रच होते; पण आता उलट्या बाजूने. एका रविवारी त्यांनी संत्री आणली. मी पिशवी उघडली तर निम्मी मऊ, दोन बुरशीची. मी म्हणालो, "साडू, बघून घेतली नाहीत?" ते म्हणाले, "नाही. डोळे झाकून घेतली." आणि समाधानाने पुढे म्हणाले, "बरीच खराब निघाली, न्हाई?" दुसऱ्या दिवशी त्यांची कंपनीची बस चुकली, तर सांगताना चेहरा खुलला होता. बँकेत ते मुद्दाम लांबच्या रांगेत उभे राहिले. जागा मिळत असताना उभ्याने प्रवास केला. माझी बायको म्हणाली, "आता दाजींना डोक्याच्या डॉक्टरांकडे न्या." मला थट्टा सुचेना. मी त्यांच्या फोनमध्ये डोकावलो तर त्याहून भलतंच. आपल्या चारही शूरवीरांची कवचं काढून ठेवून ते त्यांना लकवा लावणाऱ्याच राक्षसासमोर उभं करत होते. राक्षसाने फटका मारला, लकवा लागला, चारही जण गार. साडूंनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा गार. एकदा एका वीराने लकवा चुकवला, तर साडू "अरे!" म्हणून इतके कळवळले की मी फोनकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत राहिलो.

"मुद्दाम हरताय?"

"गप्प बसा ना पाव्हणं," ते म्हणाले. एवढंच. तो आवाज रागाचा नव्हता.

सव्वीस जानेवारीला त्यांच्या सोसायटीत सत्यनारायण असतो. सकाळी झेंडा, मग पूजा, संध्याकाळी बायकांचं हळदीकुंकू, आणि शेवटी सगळ्यांची नावं डब्यात घालून लकी ड्रॉ. ताई येणारच नव्हती. पण हळदीकुंकवाला सवाष्ण बाई घरात बसली तर चार बायका वर बोलवायला येतील आणि दार उघडायला लागेल, हा हिशेब करून ती खाली आली. तोंडावर स्कार्फ, अगदी मागच्या खुर्चीवर. आम्ही दोघंही गेलो होतो. सोसायटीचे सेक्रेटरी इथल्याच गावचे, ज्यांच्या शेतावर या इमारती उभ्या आहेत त्यांच्यातले. मोठ्या आवाजाचा, मोकळा माणूस. त्यांनी डब्यात हात घातला, पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी काढली आणि माइकवर साडूंचं नाव पुकारलं. मिक्सर लागला होता.

टाळ्या वाजल्या. साडू उभे राहिले, पण स्टेजकडे गेले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"नको!" ते ओरडले. "आमचं नाही ते! चिठ्ठी परत टाका!"

"आवो, तुमचाच नाव हाय," सेक्रेटरी म्हणाले.

"असू दे. परत टाका. दुसरी काढा."

"काका, मिक्सर हाय, बाँब नाय! या, घ्या."

लोक हसले. साडू खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले, मला वाटलं घ्यायला गेले. त्यांनी सेक्रेटरींच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि डब्यात टाकायला गेले. सेक्रेटरींनी डबा वर धरला. दोन कर्त्या माणसांची सत्यनारायणाच्या मांडवात डब्यावरून ओढाओढ सुरू झाली आणि माइक चालूच होता. त्या माइकमधून सगळ्या सोसायटीला साडूंचा आवाज ऐकू आला. "तुम्हाला कळत नाही हो! इतके दिवस साठवलंय. बस चुकवली, संत्री नासकी आणली, फोनवर रोज हरतोय. चांगलं जेवढं यायचं असंल ते सगळं तिच्या तोंडावर येऊ दे म्हणून राखून ठेवलंय. ते असं मिक्सरवर खर्च करू नका!"

सेक्रेटरींचा वर धरलेला हात खाली आला. साडूंनी चिठ्ठी डब्यात टाकली, आणि मग आपण काय बोललो हे त्यांना कळलं. ते तिथेच उभे राहिले, मान खाली घालून. फाशाला काही आठवत नाही हे जन्मभर लोकांना पटवणारा हा माणूस.

आणि मागून आवाज आला. आधी मला वाटलं ताई रडतेय, कारण तिचे खांदे हलत होते. मग मान मागे गेली, स्कार्फ गळ्यात पडला आणि ते हसणं फुटलं. वाकडं तर वाकडं. डोळ्यांतून पाणी येतंय, एका बाजूचे दात दिसतायत, आणि ताई हाताने तोंड न झाकता हसतेय. "वांगं!" ती कशीबशी म्हणाली. "माझ्या वांग्यावर एवढं लेक्चर दिलं होतं हो ह्यांनी!" गोष्ट फक्त आम्हा चौघांनाच ठाऊक होती, पण हसले सगळे. साडू धावत तिच्यापाशी गेले, गुडघ्यांवर बसले आणि तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघायला लागले. "हालला," ते म्हणाले. "डावा कोपरा हालला. पाव्हणं, तुम्ही बघितला का? परत हस. अगं, परत हस जरा." मी पाहिला होता की मला तसं वाटलं होतं, ते आजही मला सांगता येणार नाही. मी म्हणालो, "नक्की हलला."

मिक्सर दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला गेला.

त्या संध्याकाळी मांडवाच्या खुर्च्या गोळा करताना साडू मला म्हणाले, "मला हिशेब येतो, पाव्हणं. इकडं हारलो म्हणून तिकडं जिंकत नसतंय, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक हाय? पण ती समोर बसायची आन् माझी टर्नच यायची नाही. माझ्या हातात काय होतं करायला? मग म्हटलं, हे तर करू." त्यांनी हातातली खुर्ची दुसरीवर चढवली. "तिनं वांगं सोडलं तवा तिचं पण असंच झालं असंल, न्हाई?" मी मान डोलावली. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण पुढच्या रविवारी बाजारातून भरल्या वांग्याची वांगी आणली, एकेक देठ बघून, नीट निवडून.

ताई सुधारली. हळूहळू चहा ओघळायचा थांबला, डोळा मिटायला लागला, शीळही वाजली. बायका पुन्हा दारातून आत येऊन बसायला लागल्या. फक्त एक राहिलं. ती हसली की तिचा डावा डोळा आपोआप बारीक होतो. नस पुन्हा जोडली जाताना कधीकधी अशी थोडी चुकून जोडली जाते, डॉक्टर म्हणाल्या. हे एवढं बहुतेक राहील. मी साडूंकडे पाहिलं. त्यांनी 'बहुतेक म्हणजे किती' असं विचारलं नाही. बाहेर आल्यावर मीच म्हणालो, "चुरा उरतोच, नाही का?" साडू म्हणाले, "उरू दे. तेवढा असावा."

परवा गेलो होतो. साडू तितकेच काळजीत आहेत. उन्हाळ्यात गावी येणार का विचारलं तर म्हणाले, यायला हरकत नाही. त्यांनी फोन काढला, माणसांना कवचं वगैरे घालून राक्षसासमोर उभं केलं आणि मला चौसष्टाचा हिशेब पहिल्यापासून सांगायला घेतला. जुन्या मिक्सरमध्ये चटणी वाटता वाटता ताई आतून म्हणाली, "ह्या मिक्सरचं झाकण धरून बसावं लागतं बरं का भाऊजी. नवीन लागला होता आम्हाला. नको म्हणाले हे." आणि ती हसली. मान मागे गेली, आवाज खाली वॉचमनपर्यंत गेला असेल, आणि तिचा डावा डोळा बारीक होऊन मिटला. साडू बोलायचे थांबले. "बघा," ते मला हळूच म्हणाले, "मला डोळा मारते ही. ह्या वयात." त्यांचा हिशेब अर्ध्यावर राहिला तो राहिलाच. फोन मांडीवर पडला होता, त्यात राक्षस उभा होता, आणि साडूंच्या टर्नची मुकाट्याने वाट बघत होता.